विहिरीवरचं इंजिन

ढोरकीनपासून धरणाच्या फुगवट्यापर्यंत अकरा किलोमीटर.
डिक्कीत पाने, फिलर, तांब्याचे वायसर,
आणि पोटात भीती. मला पोहता येत नाही.
बोअरच्या मोटारी, कडबाकुट्ट्या, पिठाच्या गिरण्या,
एवढंच माझं राज्य.

"इंजिन तेच हाय मिस्तरी, विहिरीवरचं,"
सटवाजी फोनवर म्हणाला होता,
"फकस्त आता बूड हालतंय त्याचं."

नाव अर्धी गाळात, अर्धी पाण्यात.
मधोमध पाटावर चार बोल्टांनी जखडलेलं,
हिरवा रंग उडालेलं, पाच हॉर्सपॉवरचं धूड.
आषाढापासून बंद. मासे अंड्यावर होते म्हणून,
मग पोळ्याला सटवाजीचा पाय मोडला म्हणून.

गफूर उस्ताद शिकवायचे:
पहिलं तेल, मग हवा, मग शिव्या.

टाकी पेराने ठोकत खाली आलो.
आवाज अर्ध्यावर बदलला. तेल आहे.
फिल्टरच्या तळाशी पाण्याचा एक मणी,
डिझेलखाली गप्प बसलेला. काढून टाकला.
पंपाचा स्क्रू दहाच्या पान्यानं ढिला केला:
फेस, फेस, एक उचकी, पुन्हा फेस,
मग रॉकेलच्या दुकानातल्यासारखी अखंड धार.
नोजल काढून बाहेर धरला, हँडल मारायला लावलं.
चर्र.
बारीक धुकं उडालं, चष्म्यावर बसलं.
हेही ठीक.

लिव्हर वर.
बिभीषणनं हँडल घातलं, फिरवलं, चाक गरगरलं,
त्याच्यासोबत नाव डोलली, मी फळी धरली.
लिव्हर खाली.
फुस्स.
हवेच्या डब्यातून उलटी फुंकर, पांढरी.
पुन्हा. फुस्स.
कापसाचा बोळा डिझेलात भिजवून पेटवला,
तोंडाशी धरला. माझ्याच भुवईचे केस जळाले.
तेल झालं, हवा झाली. शिव्या राहिल्या होत्या,
त्याही दिल्या, केवळाबाई काठावर असूनसुद्धा.

ती जाळं सांधत होती. दातातला दोरा न सोडता म्हणाली,
"मघापासनं पुढनंच बघाय लागलाव.
मागनं बघितलं का?
लेकराचं पोट फुगलं तर निस्तं तोंडात बघत्यात व्हय?"

सायलेन्सरचा पाइप नावेच्या मागे निघालेला.
बोट घातलं. माती.
कुंभारणीनं खोल्या बांधल्या होत्या मनगटभर आत,
एकीला एक खेटून, नीट लिंपलेल्या,
आषाढ, श्रावण, भादवा, बिनभाड्याच्या.
तारेनं पोखरलं. वाळलेले कोळी पडले,
आणि एक पिवळी अळी, अजून वळवळणारी.
ती काडीवर घेऊन बाभळीच्या बुडाशी ठेवली.
का, ते विचारू नका. बिभीषण हसला.

लिव्हर वर. हँडल. चाक.
लिव्हर खाली.
टुक्.
टुक्.
मग पाइपातून काळा गोळा सुटला, उरली माती उडाली,
केवळाबाईच्या जाळ्यावर,
आणि इंजिनानं धरलंच.

"चला, एक चक्कर," सटवाजी म्हणाला.
मी नको म्हणेस्तोवर काठ सुटला होता.

पाण्याबाहेर बाभळींचे काळे शेंडे.
त्यांना वळसे घालत तो बांध दाखवत होता:
इथून लोखंड्यांचं रान, इथून आपलं,
जणू हिरव्या पाण्यावर चुना टाकलेला आहे.
पाऊण मैलावर त्यानं वेग उतरवला.
"हितं."
"काय हितं?"
"विहीर. ह्याच इंजिनाची. साठ फुटावनं वढायचं पाणी.
धरण भरलं त्या साली माझ्या बापानं भंगारात घेतलं.
बगा वाकून, कधी कधी थारोळं दिसल्यावानी वाटतंय."

मी वाकलो नाही. मी टॅपेट ऐकत होतो.
एका झडपेचं अंतर जरा जास्त होतं,
केसभर. ते काठावर गेल्यावर.
सटवाजीचा हात बंद करायच्या दांडीकडे गेला,
इथं तो दरवेळी थोडा वेळ बंद ठेवतो म्हणे.

"राहू दे," मी म्हणालो, "चालू राहू दे."